टेकडीकडची भिंत आणि वणवा: १५ फेब्रुवारीच्या आत

सचिव: आपल्या सोसायटीमागच्या टेकडीवरचं गवत पार वाळलंय. मागच्या भिंतीलगतचं गवत काढायचं काम १५ फेब्रुवारीच्या आत उरकायचंय. जाणकारांनी नेमकं लिहा, माळीदादांना तसंच सांगतो.

बी-३०४: भिंतीच्या आतून ५ मीटरचा पट्टा साफ करा, अगदी माती दिसेपर्यंत. नुसतं कापून भागत नाही. कापलेलं गवत तिथेच पडलं तर दोन दिवसांत कडकडीत वाळतं आणि पट्टाच पेटतो. विळ्याने कापा, दाताळ्याने ओढून बाहेर काढा, मग फावड्याने बुडखे खरवडा. गिरिपुष्पाची पानं आता झडताहेत, त्यामुळे पट्टा दर आठवड्याला झाडावा लागेल.

ए-१०२: काका, पट्टा जाळूनच काढला तर? वनखातं जाळरेषा (आग अडवायचा मोकळा पट्टा) तशीच काढतं ना?

बी-३०४: अजिबात नको. ते जाळतात तेव्हा दोन्ही कडा आधी साफ केलेल्या असतात, वारा पडलेला असतो आणि माणसं आग झोडपून विझवायच्या झोडपण्या घेऊन उभी असतात. शिवाय पलीकडे राखीव वन आहे. तिथे आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. पलीकडच्या बाजूला पट्टा हवा असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाला सोसायटीच्या लेटरहेडवर आजच पत्र द्या.

सी-६०१: आपल्या हायड्रंटला (आग विझवायच्या नळाला) होज, म्हणजे पाइप, जोडून वरच पाणी मारलं तर?

ए-७०३: ताई, हिशेब बघा. गच्चीच्या टाकीत १०,००० लिटर, पंप मिनिटाला ९०० लिटर फेकतो. ११ मिनिटांत टाकी रिकामी. पेटीतले होज दोन, प्रत्येकी १५ मीटर, म्हणजे भिंतीच्या पलीकडे फार काही जात नाही. वर चढवले तर दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब जातो. आणि टाकी संपल्यावर कुणाच्या स्वयंपाकघरात आग लागली तर? जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये हेच झालं. प्रत्येकी सुमारे ३८ लाख लिटरच्या तीन टाक्या ८ तारखेच्या पहाटेपर्यंत कोरड्या पडल्या आणि उंचावरच्या हायड्रंटांना पाणी उरलं नाही. घराच्या आगीसाठी बांधलेली व्यवस्था डोंगराच्या आगीला पुरत नाही.

डी-२०१: मग अग्निशमनची गाडी?

ए-७०३: १०१ ला फोन करायचाच. पण या दिवसांत एकाच संध्याकाळी चार ठिकाणी गवत पेटतं, गाड्या मात्र तेवढ्याच. गाडी टेकडी चढत नाही, होज पोचेल तिथपर्यंतच तिचं काम. म्हणून गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत एकही कार आडवी नको. वनखात्याचा १९२६ हा नंबरही लावा. सांगताना लोकेशन, आग कुठल्या उतारावर आहे, वारा कुठे वाहतोय आणि गाडीने कुठून यायचं, एवढं सांगा.

बी-३०४: वाऱ्याचं महत्त्वाचं. दिवसा तो चढणीला वाहतो, आग आपल्यापासून वर पळते. ऊन उतरलं की वारा उलटा फिरतो आणि तीच धग खाली येते. म्हणून दुपारी विझली म्हणून निर्धास्त राहू नका. रात्री ८ पर्यंत भिंतीवर दोन माणसं हवीतच. जळतं ओंडकं गडगडत खाली येतं, तेही बघायचं.

ई-४०५: आमच्या विंगमधली मुलं आग झोडपायला जायचं म्हणताहेत.

बी-३०४: वनरक्षक सोबत असेल तरच. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट. नायलॉन, पॉलिस्टर नको, ते वितळून अंगाला चिकटतं. आगीच्या वरच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही. जळून काळ्या झालेल्या भागात उभं राहून कडेने विझवत जायचं. ओली फांदी उंच उगारून आपटली की ठिणग्या उडतात; ती दाबून जळलेल्या बाजूला ओढायची. हवा मारायचा ब्लोअर असेल तर त्याचं तोंडही त्याच बाजूला.

सचिव: डीपीखालचं गवतही यात घेऊ का?

ए-७०३: घ्या, पण डीपीच्या कुंपणाच्या आत माळीदादांना पाठवू नका. महावितरणला अर्ज करा, आतलं त्यांची माणसं काढतील. बाहेरून १ मीटर आपण.