१६ फुटी होडी बांधायला दोर कोणता? (कृष्णाकाठ, सांगली)

हरिपूर_घाट: होडी फायबरची, १६ फुटी. हरिपूरच्या वरच्या अंगाला काठावर बांधलेली असते. सध्या ८ मिमीचा निळा दोर आहे, दुकानातून 'नायलॉन' म्हणूनच घेतलेला. एक उन्हाळा गेला की हाताला टोचतो, भुकटी सुटते आणि दरवेळी पुढच्या कडीपाशीच तुटतो. दोर कसला, किती जाड, किती लांब घ्यावा? खुंट्याला गाठ कोणती? आणि कोयनेतून विसर्ग वाढून रात्रीत पाणी चढलं तर काय करायचं?

मिरज_दोरखंड: दादा, हा नायलॉन नसणार. बाजारात सगळ्याच प्लॅस्टिकच्या दोराला नायलॉन म्हणतात. वीतभर तुकडा कापून बादलीतल्या पाण्यात दाबा, पीळ सैल करून आतली हवा जाऊ द्या आणि सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीन उन्हानं लवकर कुजतं, भुकटी त्याचीच.

होडीला तीन पेडी (तीन पदर एकत्र पिळलेला) खरा नायलॉन घ्या. तो ताणला जातो, त्यामुळे लाटेचा किंवा प्रवाहाचा हिसका कडीवर एकदम बसत नाही. ताकदीला १० मिमी पुरतो. तरी १२ घ्या, कारण घासून झिजायला जास्त माल मिळतो आणि ओल्या हातात नीट धरता येतो. तसला निळा दोर अगदीच निरुपयोगी नाही. तो तरंगतो, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकायला उपयोगी. पण त्यासाठी नवा तुकडा ठेवा, कुजका नको.

बामणोली_लाँच: वरच्यांशी सहमत. पण तुमचा दोर कडीपाशीच तुटतोय, म्हणजे मूळ दुखणं घासण्याचं आहे. कडीचा काठ बोटानं चाचपून बघा, धार लागली तर कानशीनं गोल करा. दोर थेट कडीत ओवू नका. टोकाला धातूचं थिंबल (फासा आतून झिजू नये म्हणून बसवायचं खोबणीचं वळं) बसवून फासा विणा, म्हणजे गाठ न मारता पेड दोरातच ओवा, आणि फासा व कडी यांच्यामध्ये शॅकल (पिननं बंद होणारा U आकाराचा आकडा) घाला. शॅकलची पिन तारेनं बांधा, नाहीतर हलून हलून सुटते. दोर होडीच्या काठावर जिथे टेकतो तिथे फूटभर कॅनव्हास गुंडाळून दोन्ही टोकांना सुतळीनं घट्ट आवळा. बागेच्या पाइपचा तुकडाही चालतो, पण तो सरकतो आणि घासणारी जागा उघडी पडते.

गाठ: खुंट्याला दोन पूर्ण वेढे आणि त्यावर दोन अर्धगाठी. ताण असतानाही ही सुटते. न सरकणारा फासा (बोलाइन) मजबूत, पण ताणाखाली सुटत नाही, म्हणून खुंट्याकडच्या टोकाला तो नको.

लांबीचं म्हणाल तर आमच्याकडे शिवसागरचं (कोयना धरणाच्या जलाशयाचं) पाणी महिनोन्महिने उतरत जातं, खुंटा मागोमाग खाली हलवावा लागतो. नदीचं तसं नाही. खुंटा उंचावर ठोका, प्रवाहाच्या वरच्या बाजूला. दोर त्याच्या बुडाशी बांधा, शेंड्याला बांधला तर खुंटा उपटतो. आखूड दोर दोन्हीकडून घात करतो: पाणी उतरलं की होडी लटकते, आणि खुंटा बुडाला की तिचं तोंड खाली ओढलं जातं. काठाचा उतार बघून ४०-५० फूट ठेवा. तोंड प्रवाहाकडे. मागच्या बाजूला दुसरा हलका दोर, सैल, फक्त होडी फिरू नये म्हणून. मागून बांधलेली होडी मागच्या ठेंगण्या काठावरून पाणी घेते.

कृष्णा_पाणीपातळी: पुराचं वेगळं सांगतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की दोरावरचा ओढा चौपट होतो. त्यात जलपर्णी आणि फांद्या दोरात अडकतात. जाड दोर आणून हे सुटत नाही, होडी बाहेर काढावीच लागते. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४० ची वाट बघू नका; विसर्ग वाढवल्याची सूचना आली की उजेडातच काढा. उंच जागी नेऊन पालथी घाला आणि झाडाला दोन बाजूंनी बांधा. उताणी ठेवावी लागली तर बूच काढून ठेवा, पावसाचं पाणी साचून तिचं वजन टनाच्या घरात जातं.

आणि ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत कोणी उभं राहू नका. तुटला तर उलट येऊन हाडं मोडतो. लहान मुलांना लांब ठेवा.

हरिपूर_घाट: समजलं. फासा विणताना पेड किती वेळा ओवायचे? गाठ मारून भागणार नाही का?

मिरज_दोरखंड: गाठीनं दोराची तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ताकद जाते, विणलेल्या फाशात फार थोडी. नायलॉन गुळगुळीत असतो, म्हणून प्रत्येक पेड निदान पाच वेळा ओवा, तीनवर सुटतो. १२ मिमीला वीतभर पीळ उलगडा, पेडांची टोकं आधी मेणबत्तीवर वितळवून घ्या. नदीचा गाळ पेडांत शिरून आतून कापतो, तेव्हा महिन्यातून एकदा दोर स्वच्छ पाण्यात धुवा आणि पीळ उघडून आत बघा. आतले धागे तुटून केसाळ झालेले दिसले की तेवढा भाग कापून टाका आणि फासा नव्यानं विणा.