मदत हवी आहे: पोर्तुगालमधल्या गिमाराइंश शहरातल्या जुन्या घरांबद्दल

नमस्कार मंडळी. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी पोर्तुगालचे वास्तुकार फेर्नांदु ताव्होरा यांचा अभ्यास करते आहे. १९५५ साली तिथल्या वास्तुकारांनी देशभर फिरून खेड्यांतल्या घरांची पाहणी सुरू केली. उत्तरेकडच्या मिन्यू भागाचं काम ताव्होरांकडे होतं. तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला एकच ‘पोर्तुगीज घर’ हवं होतं, पण प्रत्यक्षात दगड, माती, हवामान आणि शेतीप्रमाणे घरं बदलत गेलेली दिसली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ताव्होरा आधुनिक विचारांचे होते, तरी परंपरेकडून शिकत राहिले.

पुढे १९८०च्या दशकात त्यांनी गिमाराइंशच्या जुन्या शहराच्या जतनाला दिशा दिली. २००१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं.

माझं अडतंय ते बांधकामापाशी. तिथल्या वरच्या मजल्यांच्या भिंती ‘ताइपा’ पद्धतीच्या: लाकडी सांगाडा, त्यात विटांची भर, किंवा फळ्यांवर पट्ट्या ठोकून गिलावा. दुरुस्तीत कुजलेलं लाकूड नेमकं कसं बदलतात? कोणी तिथे राहिलंय किंवा काम केलंय का? जवळून काढलेले फोटो, नकाशे किंवा इंग्रजीतलं वाचन सुचवलंत तर फार मदत होईल. पोर्तुगीज मला अजून जेमतेमच वाचता येतं.