मदत हवी आहे: बंधाऱ्यासाठी माणसं कशी जमवायची?

सडेवाडीकर: रत्नागिरी तालुक्यातलं गाव. पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी रोज वाहून चाललंय. वनराई बंधाऱ्यासाठी (माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध) सिमेंटच्या दीडशे रिकाम्या गोण्या जमवल्यात, पण श्रमदानाला माणसं सहाच. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब. खालची वाडी तर अडवायलाच उठलीय. एप्रिलमध्ये आमच्या बायका विहिरीवर रात्री नंबर लावतात हो! लवकर सांगा, काय करू?

जांभाचिरा: पऱ्या कुणाच्या जागेतून जातो? सातबारा बघितलात? सामाईक असेल तर मुंबईच्या हिस्सेदारांनाही विचारा. आमच्याकडे शिमग्याला आलेल्यांनी बांध काढायला लावला होता.

हापूसवाला: बंधारे सोडा, शेततळं खणा, आत प्लास्टिक अंथरा. माझी कलमं त्यावरच जगली.

तांबडीमाती: तुमच्या कलमांनी वाडीचे हंडे कसे भरणार? अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. सरपंच असताना पोपटराव पवारांनी पाण्याचं सगळं ग्रामसभेतून केलं, शेतीसाठी बोअर मारायलाही बंदी.

जांभाचिरा: ते गाव कमी पावसाचं. इथे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि जांभ्यातून निघून जातो. तिथलं इथे कसं चालेल?

तांबडीमाती: पाऊस निराळा, पण सगळ्यांनी बसून ठरवायला काय हरकत?

निवृत्त_ग्रामसेवक: कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरम लागत नाही, मात्र विषय तेच घ्यायचे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते, तिथे पाण्याचा विषय येऊ द्या. पण खालची वाडी का अडवते ते तुम्ही लिहिलंच नाही.

सडेवाडीकर: त्यांचं वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, याच पऱ्यावर. म्हणतात, तुम्ही पाणी अडवलंत की आमचं भात सुकलं. हे काय सांगायचं, असं वाटलं.

निवृत्त_ग्रामसेवक: अहो, अडलंय ते इथेच! बांध भरला की पाणी वरून पुढे जातं, पण भरेपर्यंत त्यांच्या शेताला कमी मिळणार. ती भीती खोटी नाही. बांध कुठे, किती उंच, वायंगणाची लावणी कधी, हे त्यांच्या खळ्यात बसून ठरवा. ठराव मागाहून.

खारेवारा: आमच्या खाडीकाठच्या विहिरी मार्चपासून मचूळ होतात. यावर काही उपाय?

सडेवाडीकर: खालच्या वाडीला विचारायला आम्ही गेलोच नव्हतो. रविवारी जातो. आमची काकीही येतेय, तिचं माहेर तिथलंच.