टेस्ला कॉइल: ठिणगी वाढवायला आधी टॅप की गॅप?

वेढेमोजणी:
घरच्या टेस्ला कॉइलची, म्हणजे उच्च व्होल्टेजने हवेत लांब ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, ठिणगी तोकडी पडली की जो तो स्पार्क गॅप (कपॅसिटरमधली वीज प्रायमरीत सोडणारी फट) रुंद करायला धावतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! माझं ठाम मत आहे, आधी प्रायमरीचा (खालच्या, मोजक्या वेढ्यांच्या कॉइलचा) टॅप, म्हणजे कितव्या वेढ्यावर तार जोडायची ती जागा, हलवा. माझी सेकंडरी (ठिणगी देणारी उभी कॉइल) ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर आहे, ०.४ मिमी तारेचे साधारण ११०० वेढे. वर टोरॉइड (धातूचं कडं) चढवून, ठिणगी न पाडता मोजलं तर अनुनाद (कॉइलची स्वतःची वारंवारता) २०५ किलोहर्ट्झच्या आसपास. त्या हिशोबाने टॅप साडेअकराव्या वेढ्यावर आला आणि ठिणगी निघाली जेमतेम ३५ सेंमी. बाराव्यावर नेला तर ५५! हवेत पसरलेली ठिणगी स्वतःच टोरॉइडची धारकता (वीज साठवायची क्षमता) काही पिकोफॅरडने वाढवते, सेकंडरीची वारंवारता उतरते. मग प्रायमरीलाही तेवढंच खाली आणायचं, म्हणजे टॅप बाहेरच्या वेढ्याकडे.

तांबेनळी:
५५ वर समाधान? तुमचा ट्रान्सफॉर्मर किती वॅटचा? कॉइलवाल्यांचा ठोकताळा आहे, वॅटचं वर्गमूळ गुणिले १.७ इतके इंच. निऑनच्या पाटीचा १५ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा असेल तर ४५० वॅट, म्हणजे ३६ इंच, साधारण ९१ सेंमी. उरलेली ठिणगी गॅपमध्येच मरतेय. गॅप वेळेत विझला नाही, म्हणजे त्यातली ठिणगी तुटली नाही, तर सेकंडरीत गेलेली ऊर्जा उलटी प्रायमरीत येते. मी दोन बोल्टांचा गॅप काढून तांब्याच्या नळीचे सात तुकडे शेजारी-शेजारी लावले, मध्ये सहा बारीक फटी, खालून ब्लोअर. टॅपला हातही लावला नव्हता, तरी ठिणगी दीडपट झाली.

वेढेमोजणी:
ट्रान्सफॉर्मर तुम्ही म्हणता तसलाच आहे. पण दादा, विझवणं वेगळं आणि रुंदावणं वेगळं. फटी आणि ब्लोअर मला मान्य. माझा राग रुंदावण्यावर आहे, कारण असलाच पहिला ट्रान्सफॉर्मर मी तसा घालवला. कपॅसिटर ६.४ नॅनोफॅरडचा, आपल्या ५० हर्ट्झला त्या ट्रान्सफॉर्मरशी नेमका अनुनादात येणारा. गॅप उघडत गेलो, व्होल्टेज चढत गेलं, आतून 'फट्' आवाज आला आणि डांबराचा वास सुटला. आता ९.५ नॅनोफॅरडचा लावलाय, शिवाय व्होल्टेज फार चढलं तर ट्रान्सफॉर्मर वाचवणारा वेगळा सेफ्टी गॅप.

गच्चीवरचा:
दोघंही अर्थिंगबद्दल बोलत नाही! सेकंडरीचं खालचं टोक घराच्या वायरिंगच्या अर्थला जोडू नका, जमिनीत वेगळा रॉड ठोका. आणि टॅप हलवताना प्लग उपटलेला, कपॅसिटर लांब दांडीने शॉर्ट केलेला हवाच. बंद केल्यावरही तो जीव घेण्याइतका भरलेला असू शकतो.

तांबेनळी:
अर्थिंगचं शंभर टक्के बरोबर. पण क्रमावर मी ठाम आहे. गॅप नीट विझत नसेल तर टॅप कुठेही न्या, फरक पुसटच दिसणार. आधी गॅप, मग टॅप.

वेढेमोजणी:
रविवारी तुमच्या सहा फटी लावतो, टॅप बाराव्यावरच ठेवून. ७० च्या पुढे गेली तर क्रम तुमचा.