मदत हवी आहे: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे टॉप पाच वाइड रिसीव्हर, मी दुसऱ्या नंबरवर अडकलेय

नमस्कार मंडळी,

धागा जरा आडवळणाचा आहे, पण इथले अमेरिकेतले निम्मे लोक शनिवारी टीव्हीसमोरून हलत नाहीत हे मला पक्कं माहितेय, म्हणून विचारतेय. आम्ही कोलंबसजवळच्या डब्लिनला राहतो (ओहायोतलं डब्लिन. या शनिवारी, २३ ऑगस्ट २०२५ ला, सीझनची पहिली मॅच, आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेटची, खरोखर आयर्लंडच्या डब्लिनला आहे, त्यामुळे आठवडाभर तोच एक विनोद ऐकून कान किटलेत). आमच्या गल्लीत असा रिवाज आहे की सीझन सुरू व्हायच्या आधी एका शेजाऱ्याच्या अंगणात सगळे जमतात, ग्रिल पेटतं, आणि प्रत्येकाने देशातले पाच बेस्ट रिसीव्हर (क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पळत जाऊन पकडणारे खेळाडू) क्रमाने सांगायचे. नुसती नावं चालत नाहीत, प्रत्येक नावाला कारण द्यायचं आणि बाकीचे ते खोडून काढणार. आत्तापर्यंत मी बटाटेवडे नेऊन सुटत होते, यंदा नवऱ्याने परस्पर माझं नाव दिलंय.

मॅचेस मी मनापासून बघते, अगदीच नवखी नाही. पहिला नंबर ओहायो स्टेटचा जेरमाया स्मिथ, त्यात वाद नाही, आणि ओहायोत राहून दुसरं नाव घ्यायची माझी हिंमतही नाही. पहिल्याच वर्षी ७६ कॅच, १,३१५ यार्ड, १५ टचडाउन (बॉल समोरच्या टीमच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं), ओहायो स्टेटच्याच क्रिस कार्टरचे फ्रेशमनचे (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे) रेकॉर्ड मोडले, आणि जानेवारीत अटलांटाच्या फायनलला नोटर डेम अंगावर येत असताना थर्ड अँड इलेव्हनला (तिसरा प्रयत्न, अजून ११ यार्ड हवेत) ती ५६ यार्डांची कॅच. ती आमच्याकडे अजून दर पार्टीला मोबाइलवर दाखवतात.

अडचण दोनपासून पुढे आहे. माझ्या कागदावर रायन विल्यम्स (अलाबामा), जॉर्डिन टायसन (अ‍ॅरिझोना स्टेट), कॅम कोलमन (ऑबर्न), अँटोनियो विल्यम्स (क्लेमसन), एलायजा सॅरट (इंडियाना) आणि आमचाच कार्नेल टेट आहेत. आकडे बघून लावायला गेलं तर टायसन आणि क्लेमसनचा विल्यम्स वर येतात, दोघांच्या ७५ कॅच. डोळ्यांनी बघितलं तर रायन आणि कोलमन. पण मला खरी शंका वेगळीच आहे, की रिसीव्हरला बॉल किती आणि कसा मिळाला हे त्याच्या हातात कुठे असतं? स्लिपमधल्या फिल्डरकडे कॅच येणार की नाही हे बॉलरवर ठरतं, तसंच ना हे? आणि यंदा अर्ध्या टीमचे क्वार्टरबॅक बदललेत. मग गेल्या वर्षीचे आकडे धरून लिस्ट करायची तरी कशी? जाणकारांनी प्लीज उजेड पाडा, आणि सोप्या भाषेत, कारण तिथे मला हेच इंग्रजीत भांडून सांगायचंय.

— वडेवाली_डब्लिनची

चौथा_डाऊन:
ताई, शंका शंभर टक्के बरोबर आहे आणि तुमची लिस्ट त्यातूनच निघेल. गेल्या वर्षीचे आकडे हा रिसीव्हर, क्वार्टरबॅक आणि प्ले कॉल करणारा (पुढची चाल ठरवणारा कोच) अशा तिघांचा जॉइंट अकाउंट असतो. त्यातून रिसीव्हरचा वाटा वेगळा काढायचा तर समोरच्या टीमने त्याला कसं वागवलं ते बघा. स्मिथचंच घ्या. रोझ बोल या प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) मॅचमध्ये ओरेगॉनसमोर ७ कॅच, १८७ यार्ड, २ टचडाउन, आणि लगेच पुढच्या मॅचला टेक्ससने कॉर्नरच्या (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूच्या) मागे सेफ्टीची (सगळ्यात मागच्या बचावपटूची) मदत ठेवली आणि त्याला एक कॅच, तीन यार्डांवर बांधून टाकलं. ती मॅच ओहायो स्टेटने २८-१४ जिंकली, कारण दोन माणसं स्मिथवर अडकली की बाकीच्यांना मैदान मोकळं. गेल्या सीझनला टीममध्ये सगळ्यात जास्त कॅच स्मिथच्या नाहीतच, एमेका एग्बुकाच्या आहेत, ८१. हे अंगणात सांगा, बऱ्याच बकाईजना (ओहायो स्टेटच्या चाहत्यांना) माहीत नसतं.

आता एग्बुका एनएफएलच्या (प्रोफेशनल लीगच्या) टॅम्पा बेला गेला, क्वार्टरबॅक विल हॉवर्ड गेला, प्ले कॉल करणारा चिप केली गेला. या सोमवारी क्वार्टरबॅक म्हणून जूलियन सेयिनचं नाव जाहीर झालं, तो नवा, आणि ३० तारखेला पहिलीच मॅच परत टेक्सस. म्हणजे स्मिथ पहिला हे बरोबरच, पण त्याचे यार्ड वाढतीलच असं छातीठोक बोलू नका. माझ्या मते यंदा टेटचे वाढतील. गेल्या वर्षी त्याचे ७३३ होते, तेही तिसऱ्या नंबरचा रिसीव्हर असताना.

खवचट_काका:
स्मिथ एवढा पहिला होता तर गेल्या वर्षीचं बिलेटनिकॉफ अवॉर्ड (देशातल्या बेस्ट रिसीव्हरचं) का नाही मिळालं हो? फायनलच्या तिघांतसुद्धा नव्हता. हंटर, मॅकमिलन आणि सॅन होजे स्टेटचा निक नॅश. नॅशने कॅच, यार्ड, टचडाउन तिन्हीत देशात पहिला नंबर काढला, १०४, १,३८२ आणि १६. आणि एप्रिलमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टला (खेळाडू निवडीला) सात राउंडमध्ये कोणी विचारलं नाही! आता सांगा आकड्यांची किंमत.

चौथा_डाऊन:
काका, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद. शिवाय त्या अवॉर्डची मतं प्लेऑफच्या आधी पडतात. स्मिथचा खरा धुमाकूळ नंतरचा.

टेंपेवासी:
अ‍ॅरिझोनात राहतो त्यामुळे पक्षपाती आहे, आधीच सांगतो. टायसन दुसरा. कारण एकच, तुम्ही क्वार्टरबॅकचा मुद्दा काढलात आणि तुमच्या लिस्टमधल्या वरच्या नावांत क्वार्टरबॅक तोच राहिलाय असा टायसन एकटा (क्लेमसनचा क्लबनिकपण आहे, पण तिथे रिसीव्हर इतके चांगले आहेत की बॉल वाटला जातो). त्याचा क्वार्टरबॅक सॅम लेव्हिट परत आलाय आणि १,७११ यार्ड पळणारा स्कॅटेबो एनएफएलला गेला, म्हणजे ऑफेन्सचा भार टायसनकडेच येणार. गेल्या वर्षी १,१०१ यार्ड, १० टचडाउन, आणि हे सगळं बिग ट्वेल्व्हची (आमच्या लीगची) फायनल आणि प्लेऑफ न खेळता, कारण त्याआधीच्या अ‍ॅरिझोनाच्या टीमविरुद्धच्या मॅचला त्याचं कॉलरबोन मोडलं. पीच बोल या प्लेऑफच्या मॅचमध्ये आम्ही टेक्ससकडून डबल ओव्हरटाइममध्ये ३९-३१ हरलो. तो असता तर काय झालं असतं यावर आमच्याकडे अजून रात्र रात्र जागतात लोक.

रूट (रिसीव्हरची ठरलेली पळायची वाट) पळताना त्याचे पाय बघा. पूर्ण स्पीडमध्ये येऊन दोन पावलांत थांबतो, कॉर्नर पुढे घसरत जातो, आणि हा बॉलकडे तोंड करून उभा असतो. यूट्यूबवर भरपूर आहे.

वडेवाली_डब्लिनची:
बघितलं. पायांचं पटलं. पण खोडून काढणारे लगेच म्हणणार की हा सारखा दुखापतीत असतो, कोलोरॅडोला असताना गुडघा आणि आता कॉलरबोन. यावर काय बोलू? आणि रायन विल्यम्सला इतक्या सहज खाली ढकलवत नाही हो, जॉर्जियाची ती मॅच मी लाइव्ह बघितली होती. अलाबामा २८-० ने पुढे असताना जॉर्जियाने ३४-३३ केलं, सगळे म्हणाले संपलं, आणि लगेचच्या प्लेला या १७ वर्षांच्या पोराने कॅच घेतली, जागच्या जागी गिरकी मारली, दोघं एकमेकांच्या अंगावर आणि हा ७५ यार्ड. माझ्या सासूबाईंना खेळातलं काही कळत नाही, त्यापण सोफ्यावरून उठल्या.

खवचट_काका:
सासूबाईंचं मत धरलं तर विल्यम्स पहिला. पण त्याच मॅचपासून मागे मोजा. सीझनभराचे ८६५ यार्ड, त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या चार मॅचमध्ये. पुढे नऊ मॅच पोरगा होता कुठे? ओक्लाहोमाकडून २४-३ हरले, टचडाउनच नाही.

हिरवळ:
होता तिथेच, बॉल येत नव्हता. क्वार्टरबॅक मिलरो पळायला एक नंबर पण उत्तरार्धात त्याची फेक बिघडली. आता टाय सिम्पसन आलाय, आणि कोऑर्डिनेटर (चाली ठरवणारा कोच) म्हणून रायन ग्रब. हाच ग्रब वॉशिंग्टनला हेड कोच डीबोअरकडे होता तेव्हा रोम ओडुंझेने १,६४० यार्ड काढून देशात पहिला नंबर घेतला होता. विल्यम्सची दर कॅचला सरासरी १८ यार्ड आहे, स्मिथची १७ च्या वर. ४८ च्या ७० कॅच झाल्या तर हिशोब तुम्हीच करा.

वडेवाली, अजून एक, मैदानाचा मुद्दा घ्या, फार कमी लोक काढतात. कॉलेजला दोन हॅश मार्कमध्ये (मैदानाच्या मधल्या दोन खुणांच्या रांगांत, बॉल त्यांच्या आतच ठेवतात) ४० फूट अंतर असतं, एनएफएलला साडेअठरा. त्यामुळे कॉलेजमध्ये बॉल एका बाजूला ठेवला की दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळी जागा राहते, आणि तिकडच्या रिसीव्हरला आकडे काढणं जरा स्वस्त पडतं. अरुंद बाजूला, साइडलाइनला चिकटून, कॉर्नर मानगुटीवर असताना जो बॉल काढतो तो खरा. कॉलेजला एकच पाय आत पडला तरी चालतो ही सवलत आहेच. हा निकष लावलात तर कोलमन वर येतो. उंच आहे, हवेतला बॉल हिसकावून घेतो, आणि ऑबर्नच्या पासिंगची बोंब असताना ३७ कॅचमध्ये ८ टचडाउन आहेत.

टेंपेवासी:
कोलमनकडे बॉल पोचवणार कोण? ओक्लाहोमाने बेंचवर बसवलेला जॅक्सन आर्नल्ड? वा.

दुखापतीचं उत्तर: लिस्ट बेस्ट कोण याची आहे, सगळ्यात जास्त मॅच कोण खेळेल याची नाही. गल्लीच्या नियमात फिटनेस लिहिलाय का?

वडेवाली_डब्लिनची:
नियम कुठेच लिहिलेले नाहीत, सगळी मजा तीच आहे. बरं, तर तुमच्या कृपेने आत्तापुरतं असं: १. स्मिथ, २. टायसन, ३. रायन विल्यम्स, ४. कोलमन. विल्यम्सला तिसरा ठेवताना जीव तुटतोय, पण नवा क्वार्टरबॅक नवीन सिस्टीममध्ये त्याला काय देतो ते बघितल्याशिवाय टायसनच्या वर नेता येत नाही, आणि हेच कारण मी तिथे देणार. एग्बुकाच्या ८१ कॅचचा बॉम्ब पहिल्या पाच मिनिटांत टाकते. पाचव्याला टेट की सॅरट? टेट लिहिला तर घरचं म्हणून हसतील. सॅरटचे ९५७ यार्ड आहेत, पण तोही नव्याच क्वार्टरबॅकबरोबर, कॅलहून आलेल्या मेंडोझाबरोबर.

खवचट_काका:
सॅरट लिहा. जेम्स मॅडिसनहून उठून बिग टेनला (इंडियाना आणि ओहायो स्टेटच्या लीगला) आला आणि पहिल्याच वर्षी हे यार्ड काढले, म्हणजे क्वार्टरबॅक बदलून खेळायची परीक्षा तो आधीच पास झालाय. आणि ओहायोच्या अंगणात इंडियानाचं नाव घेतलंत तर स्मिथला पहिलं ठेवल्याबद्दल कोणी लाचार म्हणणार नाही.

चौथा_डाऊन:
काकांशी सहमत व्हायची वेळ आली. सॅरट. पण टेटचं नाव खिशात ठेवा, वाद तापला की काढा.