आईच्या खुब्याचं ऑपरेशन पाच दिवस लांबवावं का?

सातारकर: आई ८१ वर्षांची. काल पहाटे मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, गोळी बंद करून पाच दिवस थांबू. पायाला वजन लावलंय, तरी जरा हललं की ओरडते. मामांचं वेगळंच, "या वयात चिरफाड कशाला?"

भूलवाली: मी भूलतज्ज्ञ आहे. एकट्या क्लोपिडोग्रेलसाठी सहसा थांबत नाही आम्ही. कमरेतली भूल टाळून पूर्ण भूल देतो, रक्त तयार ठेवतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या 'नाइस' संस्थेची सूचना आहे की ऑपरेशन भरतीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. छातीत पाणी भरलंय किंवा रक्तातलं सोडियम फार उतरलंय, तर आधी त्यावर उपचार. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) आहे का? असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आणि त्या वजनाने दुखणं फारसं कमी होत नाही. जांघेपाशी नस बधिर करणारा ब्लॉक आजच मागा.

नानिवडेकर: तासातासासाठी भांडू नका मात्र. २०२० च्या 'हिप अटॅक' चाचणीत २,९७० रुग्ण होते. सुमारे ६ तासांत ऑपरेशन केलं काय, २४ तासांत केलं काय, मृत्यू जवळपास सारखेच. लवकर केलेल्यांत भ्रम कमी, उभंही लवकर राहिले. मामांना सांगा, पडून राहिल्यावर न्यूमोनिया आणि पाठीला जखमा होतात.

सातारकर: स्टेंट जुना आहे. आता एकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) सोमवारपर्यंत थांबा म्हणतायत.

भूलवाली: एको खाटेपाशीही होतो. नुसत्या त्यासाठी सोमवार कशाला? भूलतज्ज्ञांशी थेट बोला.