मदत हवी आहे: कऱ्हेला मिळणाऱ्या ओढ्याच्या खोलीकरणाबद्दल

नमस्कार. पुरंदर तालुक्यात आमच्या शिवारातून वाहणारा एक लहान ओढा कऱ्हा नदीला मिळतो. पुढे कऱ्हा नीरेला आणि नीरा भीमेला मिळते. या ओढ्याचे खोलीकरण आणि रुंदीकरण पोकलेनने करावे, असा प्रस्ताव गावात पुढे आला आहे. गाळ काढण्यास माझा मुळीच विरोध नाही, पण तळाचा मुरूम फोडून खाली जाण्याची मला खरोखर धास्ती वाटते.

आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली अखंड काळा पाषाण आहे. ओढ्याच्या एका वळणावर मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यातून, पावसाळा संपून बरेच दिवस झाले तरी, पाणी पाझरत असते आणि काठच्या उंबराची मुळे तिथे ओलीच असतात. विहिरींना पाणी देणारा थर हाच असेल, तर ओढा विहिरींच्या पाणीपातळीपेक्षा खोल गेल्यावर भूजल उलट ओढ्यातच उतरून वाहून जाणार नाही का?

भूजलाचे किंवा पाणलोटाचे काम केलेल्यांनी कृपया सांगावे की खोदाईआधी कोणत्या विहिरींची पातळी, कोणत्या महिन्यांत मोजावी आणि गाळ कुठे संपतो व मुरूम कुठे सुरू होतो हे जागेवर कसे ठरवावे. माथ्यावरच्या उतारांवर समतल चर आणि दगडी बांध आधी घेतले, तर खाली येणारा गाळच कमी होईल, असे माझे मत आहे. ग्रामसभेत ते मांडण्यासाठी कोणते नकाशे सोबत न्यावेत?